वरची चार पाने

नूतनने जुन्या वहीचा पुठ्ठा सुतळीने सुगंधाबाईंच्या गळ्यात अडकवला आणि त्यावर खडूने लिहिले : ‘अट’.

“हे काय वो पोरी? चोराच्या गळ्यात पाटी बांधतेत तसं?”

“मावशी, आता तुम्ही सुगंधाबाई नाई. तुम्ही अट आहात. आईच्या सुपात बरोबर सत्तर पानं झाली, का तुम्ही म्हणायचं, ‘झाला पुडा’. मग पुडा बांधायचा, सूप रिकामं करायचं. सत्तर नसतील तर तोंडातून शब्द काढायचा नाई.”

“अन् मले दिसलं का काई चुकून राह्यलं, तं?”

“तरी नाई. आपली अक्कल वापरायची नाई. मशीनले अक्कल नसते.”

सुगंधाबाईंनी पुठ्ठा सरळ केला.

“अशी नोकरी तं आमी जनमभर केली, बाई. त्याच्यासाठी पाटी कायले पाहिजे?”

कडुनिंबाखाली बसलेल्या बाया हसल्या. पहाटे रानात गेलेल्या त्या सात जणी दहाच्या सुमारास परतल्या होत्या, आणि लुगड्यांच्या गाठोड्यांतली, विड्यांसाठीची तेंदूची पाने अंगणात पसरली होती. मे महिन्यात नूतनच्या आईच्या, अंजनाबाईंच्या अंगणात हे रोजचेच असे. दुपारभर सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि दिवस कलताना ते फळीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर, पुडे मोजून घेणाऱ्या ठेकेदाराच्या मुन्शीपुढे ओळीने मांडायचे. आज पाने तीच होती, हात तेच होते. फक्त अंजनाबाईंच्या मुलीने सांगितले होते की अर्धा तास तुम्ही सगळ्या मिळून एक संगणक व्हा.

खरा संगणक आत खोलीत, टेबलावर, फडक्याखाली होता. वहीएवढे काळे यंत्र, रबराच्या कळा, शेजारी काळा-पांढरा टीव्ही आणि गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर. कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातल्या एका इंजिनिअरची बदली झाली तेव्हा त्याने तो प्रफुलला विकला होता. प्रफुल नूतनचा मावसभाऊ. घुग्घुसच्या एका कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन. ज्या जिल्ह्याच्या कोळशावर दूरदूरच्या शहरांतल्या दुकानांच्या पाट्या रात्रभर झगमगतात, त्या जिल्ह्यातल्या मूल गावात सकाळी सातपासून लाइट नव्हती. प्रफुलला या व्यवस्थेतले तर्कशास्त्र तारांच्या दोन्ही टोकांनी ठाऊक होते. त्याबद्दल तो कधी बोलत नसे. फक्त दर तासाला खोलीत जाऊन बटण दाबून पाही.

या दोघांची मिळून एक कंपनी होती. झाडी सॉफ्टवेअर, मूल, जिल्हा चंद्रपूर, एवढे सगळे एका रबरी शिक्क्यावर मावले होते. कंपनीने तयार केलेली वस्तूही एकच होती : कॅसेटवर भरलेला ‘फळी’ नावाचा खेळ. खेळणाऱ्याने रानात फिरून पाने तोडायची, सत्तर झाली की पुडा बांधायचा, अस्वल चुकवायचे आणि मुन्शीची शिट्टी वाजण्याआधी फळीचे पुडे पुरे करायचे. नूतनने तो एकटीने लिहिला होता. ती गणितात बी.एस्सी. होती. महाविद्यालयाच्या वाचनालयात संगणकावरचे एक पुस्तक होते खरे, पण ते कुलूपबंद कपाटात अत्यंत सुरक्षित होते आणि किल्ली सेवानिवृत्त झाली होती. म्हणून ती यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेवरून शिकली. पुस्तिकेला मागची आठ पाने नव्हती.

मुंबईच्या एका वितरकाने पाचशे कॅसेट घेण्याचे कबूल केले होते. इतकेच नव्हे, तर गुळगुळीत रंगीत कव्हरेही छापून पाठवली होती. त्यापाठोपाठ पत्र आले : तिसऱ्या टप्प्यात खेळ मध्येच बंद पडतो; आमचा प्रतिनिधी गुरुवारी चार वाजता समक्ष येऊन पाहील; दोष तसाच असल्यास व्यवहार रद्द समजावा. आज गुरुवार होता. नागपूरच्या एका कार्यालयात कारकून म्हणून रुजू होण्याचा हुकूमही नूतनच्या नावे आलेला होता आणि त्यावरची तारीख सोमवारची होती. खेळ नाकारला तर सोमवारी नागपूर, असे भावाबहिणीचे ठरले होते. अंजनाबाईंना त्यांनी हे सांगितले नव्हते. त्यामुळे त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत होते.

नूतनने प्रोग्रामची वही अकरा वेळा वाचली होती. अकराही वेळा तो बरोबर निघाला होता. लिहिणाऱ्या डोळ्याला स्वतःची चूक दिसत नाही, आणि लाइट नसल्याने यंत्राला विचारता येत नव्हते. तेव्हा तिने अंगणालाच यंत्र केले.

“सोनीबाई, तुम्ही हात. दर खेपेले पाच पानं सुपात टाकायची. आई, तू मोजणी. किती झाले ते मोठ्यानं बोलायचं. पण एक ध्यानात ठेव. मशीनच्या सुपात दोनशे पंचावन्नच पानं मावतेत. त्याच्यावर जागा नाई.”

“अन् प्रफुल काय करते?” अंजनाबाईंनी विचारले.

“मी लाइट आहो,” प्रफुल म्हणाला. “म्हणून गुपचाप बसलो.”

सोनीबाई जंगलकडेच्या गावातली गोंड बाई. बोलण्यात ती काटकसरी होती. तिने पाच पाने उचलून सुपात ठेवली.

“पाच,” अंजनाबाई म्हणाल्या.

नूतनने वहीतली ओळ वाचली, सुगंधाबाईंकडे पाहिले. सुगंधाबाई गप्प. पुन्हा पाच पाने. दहा. पंधरा. चौदाव्या खेपेला सत्तर झाली.

“झाला पुडा!” सुगंधाबाई गरजल्या. पस्तीस पाने एका तोंडाची, पस्तीस उलट्या तोंडाची अशी लावून त्यांनी अंबाडीच्या वाकाने पुडा आवळला आणि सूप झटकले. दुसरा पुडाही तसाच झाला, तिसराही. यंत्र उत्तम चालले होते. नूतनचा चेहरा मात्र उतरत गेला, कारण प्रत्येक बरोबर पुड्यामागे नागपूर थोडे जवळ येत होते.

चौथ्या पुड्यात साठ झाली आणि मागून आलेल्या शेळीने सुपात तोंड घातले. अंजनाबाईंनी तिला चापट मारली तेव्हा एक पान निम्मे तिच्या तोंडात आणि निम्मे बाहेर होते.

“सुगंधाबाई, शेळी तुमची हाय!”

“मी सुगंधाबाई नाई, मी अट हाय,” सुगंधाबाई समोर पाहत म्हणाल्या. “शेळी त्या प्रोग्रामात हाय का, ते पाहा आधी.”

“नाई,” नूतन म्हणाली आणि ढिगातून एक पान उचलून सुपात टाकायला वाकली.

“थांब,” प्रफुल म्हणाला. “ठेवू नको. तिसऱ्या टप्प्यात तू वारा नाई का टाकला? एक-एक पान उडवून नेते तो?”

नूतनचा हात तसाच राहिला. वितरकाने खेळ अजून अवघड करा म्हणून कळवले होते, तेव्हा अगदी शेवटी तिने तो वारा घातला होता. पहिल्या दोन टप्प्यांत तो नव्हता.

“शेळी म्हणजे वारा समजा,” ती सावकाश म्हणाली. “किती आहेत आई?”

“एकोनसाठ.”

सोनीबाईने पाच टाकली. चौसष्ट. पुन्हा पाच. एकोणसत्तर. पुन्हा पाच.

“चौऱ्याहत्तर,” अंजनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुगंधाबाईंकडे पाहिले.

सगळ्यांनीच पाहिले. सुगंधाबाईंनी ओठ आवळले होते. त्यांना सांगितलेले शब्द स्पष्ट होते : बरोबर सत्तर. चौऱ्याहत्तर म्हणजे बरोबर सत्तर नव्हे. आयुष्यभर इतरांच्या शेतात, इतरांच्या बांधकामावर, इतरांच्या हुकमाने काम केलेली ती बाई हुकमाचे अक्षरशः पालन हे किती धारदार हत्यार असते ते जाणून होती, आणि आज पहिल्यांदाच ते गमतीखातर चालवायला मिळाले होते. ती ढिम्म बसली.

एकोणऐंशी. चौऱ्याऐंशी. शंभरी ओलांडली तेव्हा एक बाई पदर तोंडात कोंबून हसू लागली. दीडशेला सुपाचा काठ दिसेना. अंजनाबाईंची मोजणी आता लग्नातल्या उखाण्यासारखी लयीत चालली होती. दोनशेच्या पुढे पाने सूप सोडून त्यांच्या मांडीवर घसरू लागली, आणि सुगंधाबाईंच्या गळ्यातला पुठ्ठा दाबलेल्या हसण्याने थडथड उडत होता. पण शब्द नाही.

“दोनशे चौपन्न,” अंजनाबाई म्हणाल्या.

सोनीबाईने पाच पाने धरलेला हात सुपावर नेला आणि तिथेच थांबवला.

“जागा नाई,” ती म्हणाली.

“मशीन इथीच अटकते,” नूतन म्हणाली.

मग अंगणात जे हसू फुटले ते शेजारच्या दोन घरांपर्यंत गेले. सुगंधाबाई जमिनीवर हात आपटत होत्या. “अवो, चौऱ्याहत्तरालेच सांगतो म्हनलं होतं मी! पोटात दुखून राह्यलं होतं माह्या! पन अक्कल वापरायची नाई ना!”

नूतनही हसत होती, आणि हसता हसता तिने आपल्या बोटांकडे पाहिले. पाच-पाच पाने, चौदा वेळा. शाळेत जाण्याआधी या अंगणाने तिच्या बोटांना ते शिकवले होते. त्या मोजणीत सत्तर कधी चुकत नाही; हुकून पुढे जाणे शक्यच नसते. म्हणून सत्तर ओलांडले तर काय, हा प्रश्नच तिच्या हाताला पडला नव्हता. शहरातल्या ज्या मुलाने आयुष्यात एक पान मोजले नसेल त्याने ही चूक केली नसती.

तिने वहीत ‘बरोबर सत्तर’ खोडले आणि लिहिले, ‘सत्तर किंवा जास्त’.

“आता परत. मावशी, सत्तर किंवा त्याच्यावर किती का असेना, बांधायचा पुडा.”

शेळीला खुंट्याला बांधले. साठाला प्रफुलने वारा होऊन एक पान उचलले. एकोणसाठ, चौसष्ट, एकोणसत्तर, चौऱ्याहत्तर.

“झाला पुडा!”

सुगंधाबाईंनी तो बांधला, सूप रिकामे केले. अडीच वाजले होते. नूतनने वही मिटली आणि प्रफुलने बायांना पाणी द्यायला तांब्या उचलला.

सोनीबाईने तो पुडा हातात घेतला. वाक सैल केला. वरची चार पाने काढून तिने ती नूतनपुढे जमिनीवर ठेवली.

“हे कोनाचे?”

“कोणाचेच नाई, मामी. पुडा झाला का मोजणी शून्य होते. नव्यानं सुरू.”

“तोडले कोनं?”

“खेळणाऱ्यानं.”

“मंग त्याचे नाई का?”

नूतनने ती चार पाने बोटाने मोजली.

“मुन्शीबी असाच करते,” सोनीबाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती माहिती देत होती. “पुड्यात चार-पाच जास्ती निंगाले तं गुपचाप ठेवून घेते. कमी निंगाले तं अख्खा पुडा फेकते.”

अंजनाबाईंनी सुपातली धूळ फुंकली. नूतन त्या चार पानांकडे पाहत राहिली. मुन्शीचा नियम तिला कोणी शिकवला नव्हता. तो तिने स्वतः, स्वच्छ अक्षरात, सोयीचा म्हणून लिहिला होता; आणि तो लिहिताना तिला तो नियम वाटलाच नव्हता, गणित वाटले होते.

तिने वही पुन्हा उघडली.

“दादा, शून्य नाई करायचं. सत्तर वजा करायचे. उरलेली पानं पुढच्या पुड्यात.”

प्रफुलने तांब्या खाली ठेवला. खोलीत जाऊन त्याने एक रंगीत कव्हर आणले आणि मागची ओळ वाचली : “‘पुडा पूर्ण होताच मोजणी शून्यावर येते.’ हे पाचशे वेळा छापलं आहे, नूतन. तो सायेब दोष पाहाले येऊन राह्यला. दोष गेला आता. तू त्याले दुसरा कायले दाखवते?”

“हा दोष नाई.”

“त्याच्यासाठी दोषच आहे. कव्हरवर एक अन् टीव्हीवर एक. तुले सोमवारी नागपूरले जाचं आहे का?”

इतक्यात अंजनाबाईंनी मान वर केली, आणि प्रफुलने जीभ चावली.

“नागपुराचं मले सांगू नका,” अंजनाबाई म्हणाल्या. “मले काई मालूम नाई. तू ते चार पानं लिहून काढ, बाई. सोनीबाईले उत्तर दे.”

तीन वाजून दहा मिनिटांनी खोलीतला पंखा फिरू लागला. प्रफुलने कॅसेट लावली. टेपरेकॉर्डरमधून पाच मिनिटे किंचाळ्यांसारखा आवाज येत राहिला तेव्हा बाया दारात गोळा झाल्या. हा आवाज म्हणजेच खेळ आहे, हे सुगंधाबाईंना कितीही सांगितले तरी पटले नाही. नूतनने दोन ओळी बदलल्या. एकूण बदल बोटभर लांबीचा होता.

प्रतिनिधी सव्वाचारला जीपमधून उतरला. इस्त्रीच्या शर्टावर चंद्रपूरपासूनची धूळ बसली होती. तो सौजन्यपूर्ण माणूस होता, त्याने चपला बाहेर काढल्या, पाणी मागून घेतले, आणि प्रफुलकडे वळून विचारले, “तर प्रोग्रामिंग तुमचं?”

“माझं कनेक्शन. प्रोग्राम बहिणीचा.”

“अच्छा.” त्याने नूतनकडे पाहिले, मग पुन्हा प्रफुलकडे. “आणि तपासणी? ती कुठे करून घेता?”

“इथीच,” सुगंधाबाई दारातून म्हणाल्या. पुठ्ठा अजून गळ्यात होता. “मी अट हाय.”

त्याला ते समजले नाही, पण हसावे हे समजले. तो सतरंजीवर यंत्रासमोर बसला. “तिसरा टप्पा,” तो म्हणाला.

वारा सुटला. पडद्यावरचा ठिपक्यांचा माणूस झाडाझाडाखाली जाऊन पाने तोडू लागला. प्रतिनिधी सरावलेल्या बोटांनी खेळत होता. एकोणसत्तरवर तो थांबला. नेमके इथेच त्याच्या मुंबईच्या कार्यालयात यंत्र बिघडायला लागत असावे. त्याने कळ दाबली. पुडा झाला.

“छान. दोष गेला म्हणायचा,” प्रतिनिधी म्हणाला. मग कोपऱ्यातल्या आकड्याकडे झुकला. “पण हे काय? चार? शून्य हवं इथे.”

“नाई,” नूतन म्हणाली. “ती तुमची पानं आहेत.”

“माझी?”

“तुम्ही तोडली ना. सुपात चौऱ्याहत्तर झाली, पुड्यात सत्तर गेली.”

“हो, पण कव्हरवर स्पष्ट लिहिलंय. एवढ्यासाठी कव्हर बदलायचं? चार पानांनी कोणाला काय फरक पडतो, ताई?”

दारातून सोनीबाईने या माणसाकडे पहिल्यांदाच नीट पाहिले.

“खेळून पाहा,” नूतन म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. “पुडा पुरा करा. मग तुम्ही म्हणाल तसं करू.”

तो खेळू लागला. वारा आता वाढला होता. एकदा पान नेले, पुन्हा नेले. अस्वल आले, त्याने ते चुकवले, आणि सुगंधाबाईंनी “डावीकडं, सायेब, डावीकडं!” असे ओरडून त्याला जवळजवळ अस्वलाच्या तोंडात घातले. वाऱ्याने तिसरे पान नेले, मग चौथे. मुन्शी पडद्याच्या कडेला शिट्टी तोंडाशी घेऊन उभा राहिला. प्रतिनिधीच्या कपाळावर घाम आला. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या होत्या हे त्याच्याही लक्षात नव्हते. चौदा वेळा तोडून झाले होते, म्हणजे सत्तर. त्यातली चार वाऱ्याने नेली होती. पंधराव्या झाडापर्यंत जायला वेळ उरला नव्हता.

“गेलं,” तो पुटपुटला.

आणि पडद्यावर पुडा झाला. शिट्टी वाजली ती त्यानंतर.

“झाला!” प्रतिनिधी मांडीवर थाप मारून ओरडला. “झाला! झाला पुडा!” तो गुडघ्यांवर उभा राहिला होता. दारातल्या सात बायांनीही एकदम आरोळी ठोकली, आणि क्षणभर त्या खोलीत मुंबईहून कोण आले आहे आणि कोण नाही हे सांगता आले नसते.

“सहासष्टच होती तुमची,” नूतन म्हणाली. “मागची चार मिळाली म्हणून.”

तो हळूहळू खाली बसला.

“आता शून्य करून देऊ का?” नूतनने विचारले.

“नको,” तो म्हणाला. मग घसा साफ करून, कार्यालयीन आवाज शोधत : “कव्हरं काय, पुन्हा छापता येतात. एक ओळ तर आहे.” आणि लगेच, “चौथा टप्पा कधी देताय?”

“करून राह्यली आहे,” नूतन म्हणाली. “दिवाळीपर्यंत होईल.”

अंजनाबाई ‘दिवाळी’ हा शब्द ऐकून उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा जरा जास्त झाला.

प्रतिनिधीने हातातल्या घड्याळाकडे पाहिले. जीपवाल्याने बाहेर दोनदा हॉर्न वाजवला होता. त्याने कळ दाबली आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला.

“सायेब,” सुगंधाबाई म्हणाल्या, “उठा आता. आमाले दिवस बुडायच्या आधी फळीवर जाचं हाय. अन् पुढचा नंबर सोनीबाईचा हाय.”

तो उठला नाही. पण पडद्यावरची नजर न काढता सतरंजीवर थोडा सरकला, आणि सोनीबाई त्याच्या शेजारी येऊन बसली.